पेटी बंद करताना

साळवेदादा,

तुमच्या पुण्यानुमोदनाला आले होते. वंदना झाली, पंचशील झालं, कंपनीतल्या चौघांनी भाषणं केली आणि मग माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेले आणि 'साळवेदादा फार चांगले होते' एवढंच म्हणून खाली बसले. दवाखान्यात दिवसभर जिची टकळी चालते ती बाई आज मुकी कशी झाली, असं तुमच्या लोकांना वाटलं असेल. खरं सांगायचं तर मला जे बोलायचं होतं ते निम्म्या लोकांना कळलं नसतं आणि उरलेल्या निम्म्यांना कळायला नको होतं. म्हणून इथे लिहिते आहे. तुम्ही वाचणार नाही हे ठाऊक आहे. पण तुमच्याशी बोलल्याशिवाय माझा मंगळवार सुरू होत नाही, आणि तुम्हाला जाऊन तीन मंगळवार झाले.

जेवायला बसलो तेव्हा तुमची धाकटी बहीण माझ्या शेजारी होती. भात कालवता कालवता हळूच म्हणाली, "ताई, येक इचारू? गेल्या साली दिवाळीच्या टायमाला दादा दर गुरवारी माज्याकडं यायचा. लागोपाठ पाच गुरवार. एरवी बोलावल्याबिगर येत न्हाई तो. मला वाटलं, त्याची पोरगी माज्या पोराला द्यायचं मनात हाय. मी घर रंगवून घेतलं, पोराला नवा शर्ट घेतला. अन् मंग यकदम यायचाच बंद झाला. तुमाला काय ठावं हाय का?"

मला ठाऊक होतं. मी तिला म्हणाले, "तुमची आठवण येत असेल हो."

"ह्या! त्याला?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी असताना हसलो. तुमच्या जेवणाला हसलो म्हणून मला वाईट वाटलं नाही. आता ती बहीणच होती का, आणि वार गुरुवारच होता का, हे वाचणाऱ्यांनी शोधत बसू नये. नावगाव झाकून ठेवायची सवय मला तुम्हीच लावलीत.

आपली पहिली भेट भांडणानेच झाली. नागापूरच्या आपल्या दवाखान्यात सुया उकळायच्या भांड्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. डॉक्टरबाईंनी एमआयडीसीतून कुणीतरी वायरमन बोलावला, तो तुम्ही. आलात, बोर्डावरचा फ्यूज उपटलात, शर्टाच्या खिशात टाकलात आणि चहा प्यायला निघून गेलात. आत डॉक्टरबाई टॉर्चच्या उजेडात टाके घालत होत्या, बाहेर वीस माणसं घामाने निथळत होती. मी तुमच्या मागे टपरीपर्यंत धावत आले.

"ओ, फ्यूज घेऊन कुठं चाललात?"

"खिशात हाय."

"ते दिसतंय मला."

"ताई, भांडं गार व्हायला धा मिन्टं लागत्यात. तवर फ्यूज तितं ऱ्हायला तर कुनीतरी शाना लावनार, अन् मी चिकटनार. त्यो माज्या खिशात हाय तवर मी जित्ता. च्या घेता का?"

मी चहा घेतला नाही. फणकाऱ्याने परत आले आणि बाईंना म्हणाले, 'हा माणूस पुन्हा बोलवायचा नाही.' बाईंनी माझं बहुतेक गोष्टींत ऐकलं, या एका बाबतीत ऐकलं नाही, हे माझं नशीब.

रजिस्टरची गोष्ट त्यानंतरची. आमच्याकडे दर मंगळवारी एड्सची तपासणी होते. लोक लांबून येतात, मुद्दाम लांबून. श्रीरामपूरचा माणूस नागापूरला येतो आणि नागापूरचा पुण्याला जातो. तेव्हा नावं मी कागदी रजिस्टरात लिहायचे. एका मंगळवारी बाकावरची एक म्हातारी चक्कर येऊन पडली, मी पाणी द्यायला धावले आणि रजिस्टर टेबलावर उघडं राहिलं. पाच मिनिटं, फार तर सहा. तेवढ्यात कुणीतरी एक नाव वाचलं. आठ दिवसांत त्या बाईची भांडी घरात वेगळी झाली, पंधरा दिवसांत ती माहेरी आली, आणि माहेरीही तिला गोठ्याशेजारी झोपायला जागा दिली. हे मला तिच्या भावजयीने सांगितलं. ती स्वतः पुन्हा आलीच नाही. डॉक्टरबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुम्हाला मी हे चहा पिताना सांगितलं. तोवर मी तुमचा चहा घ्यायला लागले होते. महिन्याभराने तुम्ही टेम्पोतून एक कॉम्प्युटर घेऊन आलात. कंपनीने मोडीत काढलेला, पिवळा पडलेला. मी नगरला सहा महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स केला होता आणि त्याचा मला भलता ताठा होता. आयटीआय झालेला वायरमन मला शिकवणार म्हटल्यावर मी नाक मुरडलं. पण तुम्ही एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरची फुकट सिस्टीम त्यात घातली होती, तेलाचे डाग पडलेली डिक्शनरी मांडीवर घेऊन तिची सगळी माहिती वाचली होती, आणि पुण्याच्या कुणा ओळखीच्याकडून फ्लॉपीवर कुलपाचा प्रोग्रामही आणवला होता. तो लिहिणारा परदेशातला. त्याचं नाव तुम्हाला उच्चारता यायचं नाही म्हणून तुम्ही त्याला 'साहेब' म्हणायचात.

आपण त्याला पेटी म्हणायचो. डिस्कवर एक मोठी फाइल; पासवर्ड दिला की तिच्या आत अख्खं कपाट उघडायचं आणि त्यात आपल्या याद्या. काम झालं की पेटी बंद करायची, मग बाहेरच्याला दिसणार नुसता कचरा, एक अक्षर लागणार नाही. रक्ताच्या बाटलीवर फक्त नंबर, आणि कुठला नंबर कुणाचा हे फक्त पेटीत. मी पहिल्यांदा पेटी बंद केली आणि पुन्हा फाइल उघडून तो कचरा पाहिला, तेव्हा मला किती बरं वाटलं ते तुम्हाला कळलं होतं. तुम्ही फक्त म्हणालात, "आता म्हाताऱ्या कितीबी पडू द्या."

पण पेटीत एक खोड होती. उघडताना कधी त्रास नाही; बंद करताना मात्र तीनातून एकदा तरी सगळंच कोसळायचं. नुसती पेटी अडकली असं नाही, सिस्टीमचा गाभाच, ज्याला कर्नल म्हणतात तोच, हातपाय गाळायचा. पडदा काळा, त्यावर आकड्यांच्या नि इंग्रजी अक्षरांच्या ओळी, कीबोर्डावर काही दाबलं तरी ढिम्म. मग बटण बंद करून पुन्हा चालू करायचं. बहुतेक वेळा सगळं जागेवर असायचं. कधीमधी शेवटी भरलेलं गायब झालेलं असायचं.

म्हणून तुम्ही कायदा केलात. माणूस आला की नाव, पत्ता, नंबर आधी चिठ्ठीवर. चिठ्ठ्या डब्यात. संपल्यावर पेटीत भरायचं, पेटी बंद करायची, पुन्हा उघडायची, नावं डोळ्यांनी बघायची, आणि मगच चिठ्ठ्या स्टीलच्या ताटलीत जाळायच्या. चिठ्ठीवर आणखी एक ओळ असायची. जो निकाल घ्यायला येत नसे त्याला आपण एकच पोस्टकार्ड टाकायचो, आणि कार्डावर काय लिहायचं ते त्याने स्वतः ठरवायचं. 'घड्याळ दुरुस्त झालं आहे.' 'चष्मा घेऊन जाणे.' एका आजोबांनी 'तुमचा मित्र बरा आहे' असं लिहायला सांगितलं आणि स्वतःच खुदकन हसले.

आता त्या मंगळवारचं लिहायला हवं. आजवर मी ते टाळत आले.

त्या दिवशी सात जण होते. शेवटचा एक तरणा पोरगा, ट्रकवर क्लीनर. तो म्हणाला, "ताई, तुळशीच्या लग्नानंतर माजं लगीन हाय. त्याच्या आदी सांगताल ना?" कुणी पाठवला नव्हता त्याला. आपणहून आला होता, हे लक्षात घ्या. आणि तुम्ही ते लक्षात घेतलंतच. मी म्हणाले, "पुढच्या मंगळवारी नक्की." दीड वाजता सगळे गेले. मी सातही चिठ्ठ्यांवरची नावं पेटीत भरली. तेवढ्यात बाहेर कुणीतरी औषधाचं विचारायला आलं, दाराशी रेंगाळायला लागलं. टेबलावर सात नावं उघडी पडलेली. रजिस्टर डोळ्यांसमोर आलं. मी पेटी बंद करायच्या आधीच चिठ्ठ्या ताटलीत टाकल्या आणि काडी ओढली. मग पेटी बंद करायला गेले, आणि पडदा काळा झाला.

पुन्हा चालू केल्यावर गेल्या आठवड्यापर्यंतची नावं होती. त्या दिवशीचं एकही नव्हतं.

तुम्ही चारला आलात. मी हुंदके देत सांगितलं. डॉक्टरबाई आतून आल्या, त्यांनी विचारलं, "काय झालं?" आणि माझं तोंड उघडायच्या आत तुम्ही बोलून मोकळे झालात, "बाई, माज्या पेटीनं खाल्लं. अन् चिठ्ठ्या मीच जाळल्या, आदीच." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. मी तेव्हा 'नाही' म्हणायला हवं होतं. एक शब्द. तो मी म्हणाले नाही, आणि जरा वेळाने मला चक्क हायसं वाटलं. मांजर डोळे मिटून दूध पितं तसं माझं झालं. बाईंचा चेहरा दगडासारखा झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की साळव्यांनी यापुढे त्या खोलीत पाय ठेवायचा नाही.

पुढच्या मंगळवारी सातांपैकी सहा जण आले. 'नमुना वाया गेला, चूक आमची' असं सांगून आम्ही त्यांचं पुन्हा रक्त घेतलं. कुणी कुरकुर केली नाही, एक बाई तर मलाच म्हणाली, 'हुतं असं कामात.' क्लीनर आला नाही. घाबरला असणार. आधीच्या सात निकालांत दोन वाईट होते, कुणाचे ते माहीत नव्हतं. नवे सहा निकाल आले, त्यांत एकच वाईट. यापुढची वजाबाकी पहिलीतल्या पोरालाही जमते. मला त्याचं नाव आठवेना, आडनाव आठवेना. पत्ता जळला होता आणि तुळशीचं लग्न दीड महिन्यावर आलं होतं. मला फक्त गाव आठवत होतं, कारण तिथे तुमची बहीण दिली आहे हे मला माहीत होतं. आणि आठवत होतं त्याने कार्डावर लिहायला सांगितलेलं वाक्य. 'शेळीचं औषध आलं आहे.'

"बास की," तुम्ही म्हणालात.

मग तुम्ही दर सुट्टीच्या दिवशी त्या गावच्या स्टँडवर जाऊन बसायला लागलात. ट्रकवरची पोरं जिथे चहाला थांबतात तिथे. वयाने जुळणारा कुणी दिसला की त्याच्याजवळ जाऊन म्हणायचं, "शेळीचं औशद आलंय बरं का." हे तुम्ही मला इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगायचात की मला हसू आवरायचं नाही. गावात बोभाटा झाला की सरकारी माणूस औषध वाटतोय. दोघांनी खरोखरच शेळ्या आणून तुमच्यापुढे उभ्या केल्या. एकाने जीभ काढून दाखवली; त्याच्या शेळीची. इकडे बहीण तुमच्यासाठी भजी तळत होती आणि मनात पोराच्या लग्नाचे मांडे खात होती. स्टँडवरून उठून कुठेतरी जायला हवं म्हणून तुम्ही तिच्याकडे जायचात, एवढंच. पाचव्या खेपेला एका पोराला तुम्ही तेच वाक्य म्हणालात आणि तो पांढराफटक पडला. तुम्ही त्याला चहा पाजलात. नमुना खराब झाला, चूक आमची आहे, पुन्हा यावं लागेल, एवढंच सांगितलंत. दोन दिवसांनी त्याला एसटीत शेजारी बसवून घेऊन आलात.

ते लग्न झालं नाही. न करण्याचं कारण त्याने आपल्या डोक्याने काढलं आणि कुणालाही बट्टा लागला नाही. तो अजून येतो, औषधं घेतो, मला चिडवतो. ती मुलगी कोण होती ते आपल्याला माहीत नाही आणि आपण कोण ते तिला माहीत नाही. ती कुठेतरी चारचौघींसारखी नांदत असेल, सासूच्या कागाळ्या करत असेल. दादा, तुमचं देणं मी मोजायला बसले तर ती मुलगी सगळ्यांत आधी येते.

आणि पेटीचं काय, तर तिचा छडा आपण खिडकीतून लावला. तुम्हाला खोलीत यायला बंदी, म्हणून तुम्ही व्हरांड्यात स्टूल टाकून गजांपाशी बसायचात आणि मी आत. मला एक आज्ञा टाइप करायला सांगायची, मी पडद्यावर काय दिसतं ते वाचायचं. पेटी कोसळली की पडद्यावरच्या सगळ्या ओळी मी मोठ्याने वाचायच्या, 'शून्य, शून्य, सी, आठ, एक, बी', आणि तुम्ही कंपनीच्या जॉब कार्डांच्या पाठीवर उतरवून घ्यायच्या. बाहेर बसलेल्या पेशंटांना वाटायचं, कसलातरी जप चाललाय. तुम्ही मला एकदाही म्हणाला नाहीत की सरका, मी करतो. येऊच शकत नव्हतात. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक आज्ञेला तीन चुका करायचे आणि तुमच्यावरच खेकसायचे. दोन महिन्यांनी मी कर्नल नव्याने बनवून चढवायला शिकले होते, आणि माझ्या कोर्सवाल्या सरांना मी काय बोलते ते कळेनासं झालं होतं.

शेवटी माझ्याच तोंडून निघालं. मी वैतागून म्हणाले, "नुसतं वाचून बंद केलं की कधी पडत नाही मेलं, भरून बंद केलं की पडतं."

तुमचं पेन थांबलं. "काय म्हनल्या?"

मी पुन्हा सांगितलं. तुम्ही जॉब कार्डं बाजूला ठेवलीत. मग म्हणालात, "दोन म्हैने मी आकडे बगतोय, अन् तुमी दिवसभराचं काम बगताय." त्या संध्याकाळी तुम्ही नगरला जाऊन एका सायबर कॅफेतून साहेबाला ईमेल केलीत. दोन बोटांनी टाइप केलेली. सुरुवात 'रिस्पेक्टेड सर', शेवट 'युवर्स ओबिडियंटली', आणि मधे 'आमच्या मॅडम रेखाताई यांनी शोधून काढले आहे की'. आठ दिवसांनी उत्तर आलं. त्यात एकच प्रश्न होता: तुम्ही बंद करताना आधी काय करता आणि मग काय?

ती छापून आणलेली ईमेल मी तुम्हाला खिडकीतून वाचून दाखवली आणि तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. पेटी बंद करायच्या दोन ओळी तुम्हीच लिहिल्या होत्या. पहिली ओळ किल्ली, म्हणजे आपण दिलेला पासवर्ड, मेमरीतून काढून घेण्याची, दुसरी पेटी बंद करण्याची. भरलेलं सगळं लगेच डिस्कवर जात नाही, थोडा वेळ मेमरीत रेंगाळतं. बंद होता होता ते पेटीत घालायला कर्नल जायचा आणि पाहायचा तर किल्लीच नाही. नुसतं वाचलेलं असलं की आत घालायला काही नसायचं, म्हणून तेव्हा निभावायचं. "फ्यूज आदी काडून खिशात घातला की वो मी," तुम्ही म्हणालात, आणि इतके हसलात की बाकावरचे लोक वळून बघायला लागले. साहेबाने पुढच्या उत्तरात लिहिलं होतं की पेटी उघडी असताना किल्ली मागितली तर माझ्या प्रोग्रामने ती द्यायलाच नको होती, ती चूक माझी. सुधारलेला भाग सोबत पाठवतो. तुम्ही मला दोन ओळींची अदलाबदल करायला सांगितलीत. तेव्हापासून पेटी एकदाही पडलेली नाही.

त्यावरून आपलं जे वाजलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. माझं म्हणणं, चूक आपली, साहेबाला कशाला दोष? तुम्ही मान हलवायचात. "ताई, मानूस चुकनारच. येका मानसाच्या चुकीनं आख्खी लाइन जाती, म्हंजी लाइन बांदनाऱ्याचं चुकलं."

"म्हणजे माणसाने खुशाल चुकावं?"

"तसं न्हाई."

"मग कसं?"

इथे नेमका कंपनीचा भोंगा व्हायचा, नाहीतर कुणीतरी पेशंट यायचा. पुढच्या चहाला पुन्हा पहिल्यापासून. वर्षभर मी तुमच्याशी यावरून भांडले, कधी चिडून, कधी उगाच. आता कबूल करते. मी पेटीवरून भांडत नव्हते. मला वाटायचं, एकदा तरी तुम्ही म्हणावं, 'चिठ्ठ्या तुम्ही जाळल्या, ताई.' रागाने म्हणावं. मग मला रडून मोकळं होता आलं असतं. तुम्ही कधीच म्हणाला नाहीत, आणि मीही कधी म्हणाले नाही. तुमच्यापुढे म्हणायची गरज नव्हती आणि बाईंपुढे म्हणायची हिंमत नव्हती.

तुम्ही गेल्यावर ती हिंमत आली. कशी आली ठाऊक नाही. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई माझ्याशी तुमच्याबद्दल बोलत होत्या, चष्मा पुसत होत्या, आणि मी मधेच म्हणाले, "बाई, त्या दिवशी चिठ्ठ्या मी जाळल्या होत्या. साळवेदादा खोटं बोलले."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"कसं काय?" मी विचारलं.

"मी तीनला आले तेव्हाच ताटलीत राख पडलेली होती. साळव्यांची शिफ्ट साडेतीनला सुटायची. चार वाजता अंगावर कंपनीचे कपडे घालून ते येतात आणि सांगतात, चिठ्ठ्या मीच जाळल्या. मी काय दूधखुळी आहे?"

"मग तुम्ही त्यांना खोलीत येऊ का दिलं नाही? दोन महिने ते बाहेर स्टुलावर बसत होते, बाई. तुम्ही मला का नाही बोललात?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या घरी आले होते. खोटं बोललो म्हणाले, माफ करा म्हणाले, पण तिला विचारू नका. रजिस्टरचं अजून तिच्या मनातून गेलेलं नाही. आत्ता विचारलंत तर ती उद्या यायचीच नाही. आणि पेशंट तिच्याशी बोलतात. तुमच्याशी बोलत नाहीत, माझ्याशी तर नाहीच नाही, असं म्हणाले. मी विचारलं, मग मी काय करू? तर म्हणाले, मला शिक्षा करा. तिला दिसेल अशी करा, नाहीतर तिला संशय येईल. मला त्या खोलीत येऊ देऊ नका."

  त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आत गेल्या.

दादा, आज मंगळवार. हे लिहिता लिहिता नऊ वाजले. बाकावर अकरा जण बसलेत. कडेला एक बाई पदराने तोंड झाकून बसली आहे, डॉक्टरबाईंनी नाव विचारलं तर तिने मान खाली घातली. आल्यापासून ती माझ्याच दाराकडे बघते आहे. उठते मी, तिच्याशी बोलायला हवं.